लोखंडी नांगर आणि वहिनीचं खुरपं

यंदा होळीला माहेरी गेले, तर घरात सरळ दोन तट पडलेले. एका बाजूला पुतण्या, दुसऱ्या बाजूला वहिनी आणि मध्ये कात्रीत सापडलेला दादा. भांडणाचा विषय कुणाचं लग्न नाही की वाटणी नाही. विषय नांगरट! शाळू निघाला की ट्रॅक्टर बोलवायचा आणि रान खोल नांगरून उन्हात तापत ठेवायचं, ही आमच्याकडची दरवर्षीची रीत. पुतण्यानं कृषी पदविका केलीय. त्याचं म्हणणं, यंदापासून नांगर बंद. शाळूची धसकटं तशीच ठेवायची, पालापाचोळा रानातच पसरायचा आणि पावसाळ्यात त्यातच पेरायचं. पैसे वाचतात, माती जिवंत राहते. वहिनीचा प्रश्न एकच होता. नांगरलं नाही तर तण माजणार, मग भांगलायला वाकायचं कुणी? या प्रश्नावर घरातले पुरुष गप्प.

मी शहरात राहणारी आत्या. मला दोघांचंही पटत होतं, म्हणजे माझा कुणालाच उपयोग नव्हता. उठून मागे गोठ्यात गेले. तिथे गव्हाणीच्या आडोशाला आजोबांचा जुना लोखंडी नांगर उभा होता. दादा तो भंगारात घालायला निघाला होता. ओल्या फडक्यानं पुसला, तर गंजाच्या आणि शेणाच्या थराखालून उठावाची अक्षरं वर आली. किर्लोस्कर. लहानपणी मला हे एखाद्या माणसाचं आडनाव आहे, हे ठाऊकच नव्हतं. आजीच्या बोलण्यात ते वस्तूचं नाव होतं. नांगर आणायचा म्हणजे किर्लोस्कर आणायचा!

घरी परतल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांचं आयुष्य नव्यानं वाचून काढलं. आणि गंमत म्हणजे आमच्या घरातल्या भांडणाचं मूळ मला तिथेच सापडलं. लोखंडानं आमच्या मातीचं काय होईल, हा प्रश्न शेतकऱ्यांनी त्यांनाही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी विचारला होता.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदान्ताचे पंडित. मुलानं आपली वाट धरावी ही त्यांची इच्छा. पण लक्ष्मणचं मन पोथी-पुस्तकात रमेना. त्याला चित्रं काढायला आवडायचं आणि यंत्र दिसलं की ते चालतं कसं, हे बघायचा नाद होता. १८८५ साली, वडिलांची नाराजी पत्करून पण थोरले भाऊ रामूअण्णा यांच्या आधारावर, तो मुंबईला जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. दोन वर्षांतच लक्षात आलं, की त्याला काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला रंगच दिसू नयेत, याहून मोठी थट्टा कोणती? आपल्यापैकी कुणी असतं तर गाव गाठून रडत बसलं असतं. लक्ष्मणनं रंग सोडले आणि रेषा धरली. यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकला आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवायला लागला. तिथल्या कार्यशाळेत हात काळे करून यंत्रविद्या शिकला ती अशी, शिकवता शिकवता.

१८८८ मध्ये रामूअण्णांबरोबर बेळगावात सायकलींचा धंदा सुरू झाला. सायकल ही तेव्हा चैनीची, नवलाईची वस्तू. मुंबईहून सायकल पाठवायची, बेळगावात ती विकायची आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचं. पुढे हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. छोटासा कारखाना काढला. पहिली वस्तू बनवली ती कडबा कापायचं यंत्र. आणि त्यानंतर, १९०३ मध्ये, लोखंडी नांगर.

इथे थोडं थांबून नांगराची गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडचा जुना लाकडी नांगर जमीन फाडायचा, पण उलटायचा नाही. रुमणं धरून मागे चालणारा गडी जोर लावायचा, पुढे चार, सहा, काळ्या जड रानात तर आठ-आठ बैल जुंपलेले, तरी मागे राहायचा तो एक चर. मातीचा वरचा थर वरच आणि खालचा खालीच. लोखंडी नांगराला फाळामागे वळणदार पत्रा असतो. फाळ माती कापतो आणि तो पत्रा कापलेली वडी उचलून पालथी घालतो. वरची माती तळाला, तळातली वर. फरक एवढाच, पण मोठा.

हा फरक कशासाठी हवा होता? ज्यांनी हरळी पाहिलीय, त्यांना सांगायला नको. गणपतीला वाहतो ती दूर्वा आणि शेतातली हरळी एकच. देव्हाऱ्यात पवित्र आणि रानात वैरीण. तिच्या मुळ्या हातभर खोल जातात आणि तुटलेल्या प्रत्येक पेराला नवा कोंब फुटतो. हरळीनं धरलेलं रान कुदळीनं खणून काढण्यात माणसांच्या पाठी मोडायच्या. लोखंडी नांगर ती मुळासकट उलथी करतो, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात तिच्या गाठी वाळून मरतात.

इतका उपयोगाचा नांगर, पण घेईना कुणी. लोखंड जमिनीला विष चढवील, रान कायमचं नापीक होईल, अशी शेतकऱ्यांना धास्ती. पहिला नांगर विकला जायला तब्बल दोन वर्षं लागली! विचार करा, घरात पैसा नाही, कारखान्यात तयार माल पडून आहे, आणि गिऱ्हाईक म्हणतं की तुमची वस्तू विषारी आहे.

आपल्या अडाणी लोकांचीच ही समजूत होती असं मात्र समजू नका. अमेरिकेत न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्ड यानं १७९७ मध्ये ओतीव लोखंडाच्या नांगराचं पेटंट घेतलं, तेव्हा तिथले गोरे शेतकरीही हेच म्हणाले होते. लोखंडानं माती नासेल आणि तण वाढेल! शंभर वर्षांच्या आणि सात समुद्रांच्या अंतरावर तीच भीती. मातीत राबणारा माणूस नव्या हत्याराला सहजासहजी रानात पाय ठेवू देत नाही. चूक झाली तर एका हंगामाची भाकरी जाते, हे त्याला माहीत असतं.

लक्ष्मणरावांनी नांगर करणं सोडलं नाही. हळूहळू नांगर खपू लागला, आणि तेवढ्यात दुसरं संकट आलं. गावाच्या वाढीसाठी बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती. चालता धंदा घेऊन जायचं कुठे? मदतीला धावले औंधचे राजे भवानराव, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी कुंडल स्टेशनजवळचा बत्तीस एकर माळ दिला आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा जन्म झाला. वाडी कसली, निवडुंग आणि नाग यांचं राज्य! पंचवीस कामगार आपापली बायकामुलं घेऊन त्या माळावर राहायला गेले. चरित्रांमध्ये त्या पंचवीस पुरुषांचं कौतुक वाचायला मिळतं. मला मात्र सारखं वाटत राहतं, की त्या नागांच्या माळावर पहिल्या रात्री चूल पेटवणाऱ्या, पोरांना कुशीत घेऊन जाग्या राहिलेल्या बायकांचं काय? लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई त्यांच्यातल्याच एक. त्या बायकांनी माळाचं गाव केलं.

आणि गावही साधं नव्हतं. अस्पृश्यता पाळायची नाही, हा तिथला नियम. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं. पहिलं महायुद्ध आलं, परदेशी माल मिळेनासा झाला आणि देशी नांगराची मागणी वाढली. लोखंड, कोळसा मिळवताना नाकी नऊ आले, पण काम थांबलं नाही. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी रीतसर स्थापन झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याच्या मालाची माहिती द्यावी, एवढ्यासाठी निघालेलं ते पत्रक पुढे मोठं मासिक झालं. १९३० मध्ये त्याच वाडीतून ‘स्त्री’ मासिक निघालं. आपल्या आज्या-पणज्यांना स्वतःचं असं काही वाचायला देणारं हे मासिक नांगराच्या कारखान्याच्या अंगणात वाढलं, हे आपण विसरूनच गेलोय. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. तोवर त्यांचा नांगर घराघरात पोचला होता. आमच्या आजोबांच्याही.

मग पुतण्याचं म्हणणं चुकीचं का? तसंही नाही. शेतकऱ्यांची ती भीती लोखंडाच्या बाबतीत खोटी होती. लोखंडानं माती नासत नाही. पण माती वरचेवर उलटीपालटी करण्याच्या बाबतीत तिच्यात काही तरी खरं होतं, आणि ते कळायला जगाला बराच काळ लागला.

स्वयंपाकघरातलंच उदाहरण घेऊ. चांगली माती रव्यासारखी असते, रवाळ. तिचे कण छोट्या छोट्या गोळ्यांनी बांधलेले असतात. हे बांधायचं काम करतात कुजलेला पालापाचोळा, बुरशीचे बारीक धागे आणि गांडुळं. गोळ्यांच्या मधल्या फटींतून पाणी मुरतं, हवा खेळते, मुळं खाली जातात. नांगर फिरला की हे धागे तुटतात आणि खालचा कुजका माल एकदम उघड्यावर येतो. भरपूर हवा मिळाल्यानं जिवाणू तो झपाट्यानं फस्त करतात. त्यातली अन्नद्रव्यं पिकाला पटकन मिळतात, म्हणून नांगरटीनंतरचं पीक जोमदार दिसतं. पण ही ठेव मोडून केलेली दिवाळी! मातीतला सेंद्रिय कर्ब दरवर्षी थोडा थोडा घटत जातो, आणि आपल्यासारख्या उष्ण मुलखात तर लवकरच. त्यातून ट्रॅक्टरमागे रोटाव्हेटर लावला, तर रव्याचा मैदा होतो. मैद्यावर पाणी ओतून बघा, वर पापुद्रा धरतो आणि पाणी वाहून जातं. जूनच्या पहिल्या वळवात गढूळ होऊन वाहणारे ओढे म्हणजे आपल्या रानाचा वरचा, सगळ्यात कसदार थर असतो. वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगर फिरत राहिला, की फाळाखाली कडक थर बसतो, तो वेगळाच. मग मुळं तिथे अडतात.

अमेरिकेनं हे मोठी किंमत देऊन शिकलं. तिथल्या कुरणांचं गवत नांगरून गव्हाखाली आणलं होतं. १९३० च्या दशकात दुष्काळ पडला आणि उघडी पडलेली माती धुळीची वादळं होऊन उडाली. शेतं ओस पडली, हजारो कुटुंबं देशोधडीला लागली. १९४३ मध्ये एडवर्ड फॉक्नर या शेतीतज्ज्ञानं माती उलटणाऱ्या नांगरावरच बोट ठेवणारं पुस्तक लिहिलं आणि मोठी खळबळ माजली. लक्ष्मणराव तेव्हा हयात होते, चौऱ्याहत्तर वर्षांचे.

पण म्हणून नांगर टाकून दिला की पीक दुप्पट, असंही नाही हं! २०१५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्रेसष्ट देशांतले सहाशे दहा अभ्यास एकत्र करून बघितले, तर नुसतंच नांगरणं बंद केल्यावर उत्पादन सरासरीनं साधारण पावणेसहा टक्क्यांनी घटलेलं दिसलं. मात्र कोरड्या हवामानात, पावसावरच्या शेतीत, पिकाचा पाला रानातच ठेवला आणि पिकांची फेरपालट केली, तर उत्पादन घटलं नाही, उलट वाढलं. म्हणजे एकटा नांगर बंद करून भागत नाही. जमिनीवर पांघरूण हवं आणि पिकात बदल हवा. शाळूचा कडबा जनावरांना लागतो, तिथे रानात पसरायला उरतो किती, हा हिशेब आपल्याकडच्या प्रत्येक घराला आधी करावा लागेल.

आणि आपल्या काळ्या मातीची तर तऱ्हाच न्यारी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात हात भेगा पडतात. वरची माती भेगांत पडते, खालची फुगून वर येते. जणू स्वतःच स्वतःला नांगरते. म्हणूनच आपले जुने जाणते शेतकरी कोरडवाहू काळं रान दरवर्षी नांगरत नसत. वापसा बघून कुळवाच्या पाळ्या घालत आणि पीक उभं असताना कोळपणी करत. कोळप्यानं भेगा बुजतात, ओल टिकते, तणही निघतं. लक्ष्मणरावांच्याच काळात नारायण विनायक कानिटकर यांनी सोलापूरकडच्या कोरडवाहू शेतीवर काम केलं. त्यातून मुंबई इलाख्याची कोरडवाहू शेतीपद्धत तयार झाली. तिच्यात बांधबंदिस्ती होती, शेणखत होतं, विरळ पेरणी आणि कोळपणी होती, आणि खोल नांगरट होती ती तीन वर्षांतून एकदा. दरवर्षी नाही! दरवर्षीची रीत आली ती घरात बैल नाहीसे झाले आणि ट्रॅक्टर भाड्यानं मिळू लागला तेव्हा. जे औषध म्हणून आलं होतं, त्याचं आपण रोजचं जेवण केलं.

आता वहिनीच्या प्रश्नाकडे वळते, कारण तो अजून तसाच आहे. नांगर बंद केला की तण येतं. हे तण काढणं आपल्याकडे बायकांचं काम. औत पुरुषाचं आणि खुरपं बाईचं, ही वाटणी कुणी केली कोण जाणे, पण ती झाली खरी. म्हणजे नांगरट थांबवल्यानं वाचणारे पैसे घराचे आणि वाढणारी भांगलण बाईच्या कंबरेची! यावर सोपा उपाय सांगितला जातो तणनाशकाचा. पण तेही बिनधोक नाही. सर्वाधिक वापरलं जाणारं ग्लायफोसेट केंद्र सरकारनं २०२२ मध्ये परवानाधारक फवारणी करणाऱ्यांपुरतं मर्यादित केलं, ते माणसांच्या आणि जनावरांच्या आरोग्याच्या काळजीपोटीच.

उलट बाजूही आहे. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा बागेत भाताची जी विनानांगरणी पद्धत बसवली, तिच्यात एकदा गादीवाफे केले की नांगरणी नाही, चिखलणी नाही आणि लावणीही नाही. कोकणात भरपावसात दिवसभर वाकून लावणी कोण करतं? बायकाच. तिथे नांगर थांबल्यानं बाईची पाठ सुटली. म्हणजे नांगर बाईच्या बाजूचा की विरोधातला, हे पीक, जमीन आणि तण बघूनच ठरतं. पण आमच्या घरात हे ठरवताना जिच्या हातात खुरपं आहे, तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिनं स्वतःहून तोंड उघडलं, म्हणून तो वाद तरी झाला.

मी हे सगळं फोनवर तिघांना सांगितलं. अर्थात आत्याचं व्याख्यान ऐकून कुणी बदलत नसतं. पण गुढीपाडव्याला दादाचा फोन आला. ठरलं ते असं. ओढ्याकडच्या हरळीनं धरलेल्या अर्ध्या एकरात यंदा खोल नांगरट होणार, ऊन कडक आहे तोवर. बाकी रानाला नांगर नाही, नुसत्या कुळवाच्या पाळ्या. आणि विहिरीजवळचा एक एकर पुतण्याचा. तिथे कुळवही नाही. धसकटं जाग्यावर, वर पाल्याचं पांघरूण, आणि पेरणी त्यातच. अट वहिनीची. त्या एकरातलं तण पुतण्यानं स्वतः काढायचं, खुरपं हातात घेऊन, तिच्या बरोबरीनं. तणनाशक नाही. तीन वर्षं उत्पन्नाची आणि भांगलणीच्या दिवसांची वही ठेवायची. वही वहिनीच्या ताब्यात.

लोखंडी नांगराची पहिली विक्री व्हायला दोन वर्षं लागली होती. तो थांबवायचा की नाही, हे ठरवायला तीन वर्षं लागली तर बिघडलं कुठे?

आजोबांचा नांगर भंगारात गेला नाही. हरळीच्या तुकड्याला ट्रॅक्टर येणार असला, तरी बांधाच्या कडेला जिथे तो वळत नाही, तिथे शेजाऱ्यांची बैलजोडी मागून हाच नांगर चालवायचा, असं दादा म्हणतोय. फाळ तेवढा नवा बसवावा लागेल.